दोन दारांमधलं बाक

आमची थोरली सूनबाई विद्यापीठात फ्रेंच आणि जर्मन साहित्य शिकवते, त्यावर संशोधनही करते. मी गावच्या शाळेत सातवी पास. मला दोन्ही भाषा सारख्याच, कारण दोन्हींतलं ओ की ठो कळत नाही. पण जळफळाट कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

तिच्या खोलीला लागून दुसऱ्या मॅडमची खोली. विषय तेच. दोन दारांच्या मधे एक लाकडी बाक. सूनबाई सकाळी ते आपल्या दाराकडे सरकवायची, संध्याकाळपर्यंत पोरं ते शेजारणीच्या दाराशी ओढून न्यायची. तिकडे हसणं-खिदळणं, इकडे ही कादंबरीत डोकं घालून बसलेली, कान मात्र भिंतीला. विनोद करून साहित्य शिकवता आलं असतं तर बाबांनाच नेमलं असतं, असं एकदा जेवताना म्हणाली. मी ते कौतुक समजून आणखी वाढून घेतलं.

खरी पोटदुखी एका हुशार विद्यार्थिनीपायी होती. सूनबाईनं तिला पहिल्या वर्षापासून घडवलेलं. आता तिला पीएचडीसाठी मार्गदर्शक निवडायचा होता, आणि पोरगी आठवडाभर शेजारच्या दाराशी. "आयत्या बिळावर नागोबा," सूनबाई म्हणे, आणि तोंड कारल्यासारखं करी.

एके दिवशी ती चष्मा घरीच विसरली. मी तो घेऊन गेलो, तर ती तासावर. मग बसलो बाकावर. शेजारी तीच पोरगी पुटपुटत होती. मी तिला आमच्या गुरुजींची गोष्ट सांगायला घेतली. "आजोबा, जरा थांबता का? पाठ करतेय," ती म्हणाली. एवढ्यात शेजारच्या मॅडम बाहेर आल्या. मी कोणाचा सासरा ते कळल्यावर म्हणाल्या, "तुमच्या सूनबाईंपुढे विषय मांडायला ही घाबरते. म्हणून माझ्यापुढे तालीम चाललीय. हसायला सगळे माझ्याकडे येतात, संशोधन करायचं म्हटलं की तिकडे जातात. मला कोणी विचारतसुद्धा नाही." आणि सूनबाईच्या दाराकडे त्यांनी असं पाहिलं, की म्हटलं, कारलं इकडेही आहेच.

त्याच दुपारी पोरगीनं सूनबाईलाच मार्गदर्शक म्हणून निवडलं. जेवताना मी बाकावरची सगळी हकिकत सांगितली. वाटलं, खूश होईल. ती मात्र भात चिवडायला लागली.

"म्हणजे माझ्यासमोर घाबरते आणि तिच्यासमोर हसते? बाबा, वर्गात सांगण्याजोगा एखादा विनोद द्या ना."

मी माझा ठेवणीतला दिला, गुरुजी आणि म्हशीचा. दुसऱ्या दिवशी सूनबाईनं तो आधी फ्रेंचमध्ये सांगितला, मग जर्मनमध्ये, मग म्हैस कशाचं प्रतीक ते समजावलं. पोरांनी मुकाट्यानं उतरून घेतला. परीक्षेला येईल का, असं एकानं विचारलं.

संध्याकाळी पोरांनी तोच विनोद शेजारच्या खोलीत सांगितला, तेव्हा भिंत हादरेपर्यंत हसू फुटलं. सूनबाई घरी आली, पर्स आपटली आणि मला म्हणाली, "म्हैस आपली, आणि दूध तिकडे."