उतार क्रमांक दोन

माझा थोरला भाऊ डोंगर कोसळण्यावर संशोधन करतो. करतो म्हणजे काय, त्याच्या परवानगीशिवाय जगातला एकही डोंगर खाली यायचा नाही, अशा थाटात करतो. कॉलेजात त्याला स्वतंत्र खोली आहे, दारावर पाटी आहे, आत कॉम्प्युटर आहेत आणि खिडकीचा पडदा कायम ओढलेला असतो, कारण उजेड आला की स्क्रीनवरचं नीट दिसत नाही. पडदा सरकवला तर समोर चांगला हिरवागार डोंगर आहे. तो बघायला दादाला वेळ कुठला?

लहानपणी आई त्याला गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवायला उभं करायची. दादा इमानेइतबारे लक्ष ठेवायचा. "आता साय फुगली. आता कडेने बुडबुडे आले. आता जाणार," असं मोठ्याने सांगायचा, आणि दूध खरोखर तेव्हाच उतू जायचं. गॅस बंद करायचा असतो हे काही त्याच्या डोक्यात यायचं नाही. ओटा पुसायला मी होतेच. वर आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, "अहो, अगदी बरोबर सांगतो! जराही चुकत नाही." तेव्हाच पाठीत एक धपाटा बसला असता तर पुढचं बरंच टळलं असतं, असं मला अजूनही वाटतं. पण आमच्या घरात धपाटे माझ्या वाट्याचे होते.

पुढे तो इंजिनिअर झाला, मग डॉक्टरेट झाली, मग पेपर सुरू झाले. त्याच्या पेपरांत आधीच्या पेपरांचे दाखले असतात आणि ते आधीचे पेपरही त्याचेच असतात. काही वर्षांपूर्वी त्याने एक मॉडेल बनवायला घेतलं. मातीत पाणी किती खोल मुरलं, उतार केसाएवढा तरी झुकला का, पाऊस किती झाला, हे सगळं सेन्सर मोजणार, कॉम्प्युटर त्यातून आपलं आपण शिकणार आणि दरड कधी येणार ते आधीच सांगणार. ऐकायला फार छान होतं. मीसुद्धा आमच्या दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगितलं. त्यासाठी त्याला एक खराखुरा डोंगर हवा होता. तिथे वीज असावी, यंत्रं चोरीला जाऊ नयेत आणि काम झाल्यावर आयता चहा मिळावा. असा डोंगर जगात एकच निघाला, आमच्या घरामागचा. तिथे त्याने सेन्सर पुरून ठेवले.

आमचं घर अरुंद आणि लांब आहे. रस्त्याला लागून ड्रायक्लीनिंगचं दुकान, म्हणजे काउंटर, इस्त्रीचं टेबल आणि प्लास्टिकमध्ये घालून टांगलेले लोकांचे कोट. दुकानामागे स्वयंपाकघर, वर आमची झोपायची खोली आणि अगदी शेवटी, डोंगराला पाठ लावून, आईची खोली. तिचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, म्हणून ती खाली. आई मुलाकडे का राहत नाही, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. मुलाकडे जागा नाही. एक खोली रिकामी आहे, पण तिथे बसून तो विचार करतो.

डोंगराचं पाणी आईच्या खोलीच्या भिंतीत मुरायचं. भिंतीला ओल यायची, रंगाचे पोपडे सुटायचे आणि माझा नवरा दरवर्षी नव्याने रंग द्यायचा. एकदा तो कंटाळला. वरच्या अंगाला एक चर खणून पाणी बाजूने रस्त्याकडच्या गटारात काढून द्यायचं त्याने ठरवलं. मजूर सांगून ठेवले. दादाला कुठून कळलं कोण जाणे, पण तो धावतपळत आला. आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हासुद्धा त्याची इतकी घाई मी पाहिली नव्हती.

"चर खणायचा नाही," तो बूट न काढताच म्हणाला.

"का रे?"

"नैसर्गिक स्थिती बिघडेल. एवढ्या वर्षांचा डेटा आहे माझा. तुम्ही पाणीच काढून घेतलंत तर मॉडेल शिकणार कशावर?"

"न शिकलं तर न शिकलं. भिंत तर कोरडी राहील."

"तुला नाही कळायचं ते."

"मग मला कळेल असं सांग. हा डोंगर खाली येणार आहे की नाही?"

"असं हो किंवा नाही नसतं गं. शक्यता असते."

"बरं, किती शक्यता?"

"ती प्रत्येक पावसागणिक बदलते."

माझा नवरा गरीब स्वभावाचा. शिकलेल्या माणसापुढे त्याचा आवाज आपोआप खाली जातो. तो म्हणाला, "दादा, निदान शक्यता वाढली की आम्हाला कळवाल ना?"

"इशारा देणं प्रोजेक्टच्या दुसऱ्या टप्प्यात आहे," दादा म्हणाला. "हा पहिला टप्पा."

"मग पहिल्या टप्प्यात आम्ही काय करायचं?" मी विचारलं. माझा पारा चढला होता.

तेवढ्यात आई मध्ये पडली. "काय उलटतपासणी लावली आहेस त्याची? पोटचा मुलगा आहे तो माझा. काही धोका असला तर मला सांगणार नाही का? तो सांगेल तेव्हा मी इथून हलेन. तुमचं ऐकून नाही."

दादाने चहा घेतला. मजुरांना आम्ही नको म्हणून सांगितलं. मी त्या दिवशी गप्प बसले, कारण आईसमोर दादाबद्दल काही बोललं की ते मत्सरापोटीच आहे, हे आमच्याकडे फार पूर्वीच ठरून गेलेलं आहे.

जाताना दादाने आईच्या भिंतीवर एक उद्योग केला. तिथे एक बारीक तडा गेला होता. त्यावर त्याने काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं पक्की चिकटवली. भिंत हलली तर काच तडकणार, इतकं साधं. "हिला कोणी हात लावायचा नाही," असं बजावून तो गेला. दुसऱ्या दिवसापासून आई आमची पाठ वळली की ती काच फडक्याने पुसायला लागली. मुलाने लावलेल्या वस्तूवर धूळ बसलेली तिला बघवेना. आलेल्यागेलेल्याला दाखवायची, "हे आमच्या मुलाचं संशोधन."

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका मोठ्या परिषदेत दादाचं भाषण ठरलं. देशोदेशीचे डोंगराचे डॉक्टर जमणार होते. कोट धुऊन इस्त्री करून द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. भाषण घरबसल्या बघता येणार होतं, म्हणून माझ्या नवऱ्याने आईच्या खोलीतल्या टीव्हीला फोन जोडून दिला. आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कोणी येत नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही तिघं आईच्या पलंगाजवळ बसलो. आई ठेवणीतला स्वेटर घालून बसली होती, जसं काही स्क्रीनमधून तो तिला बघणार होता.

दादा दिसला. कोट छान बसला होता, हे मला कबूल केलंच पाहिजे. त्याने एका डोंगराचा फोटो दाखवला आणि त्याला "उतार क्रमांक दोन" म्हणाला. फोटो खालून कापलेला होता. कडेला आमच्या छपरावरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण तेवढं राहून गेलं होतं. आमच्या घराला, दुकानाला, आईला त्या फोटोत जागा नव्हती.

"आता मी तुम्हाला या उताराचं थेट रीडिंग दाखवतो," तो म्हणाला.

पडद्यावर एक रेषा आली. थोडा वेळ ती आडवी सरकली आणि मग वर चढायला लागली. दादा बोलता बोलता थांबला. त्याने पुढे वाकून पाहिलं. नोकरी लागल्याचं पत्र आलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तोच आता दिसला.

"मित्रहो," तो म्हणाला, "आपण फार भाग्यवान आहोत. हे बघा. मॉडेल सांगतंय की उताराची हालचाल सुरू झाली आहे. हा वेग पाहता आजच, कदाचित हे सत्र संपण्याच्या आधीच, आपल्याला पूर्ण पडझड नोंदवता येईल."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आईनेही टाळ्या वाजवल्या.

मी उठून उभी राहिले. "आई, ऊठ."

"थांब गं. बोलतोय ना तो."

"अगं, तो आपल्या डोंगराबद्दल बोलतोय! मागच्या!"

"मग असं काही असलं तर फोन करेल की."

मीच त्याला फोन लावला. टीव्हीवर दादाचा हात कोटाच्या खिशात गेला. त्याने फोन काढला, नाव बघितलं, कापला आणि परत खिशात टाकला. मग मागच्या रांगेतल्यांना नीट दिसावं म्हणून रेषा मोठी करायला सांगितली.

"बघ, कामात आहे तो," आई म्हणाली.

माझी नजर भिंतीकडे गेली. काचेच्या पट्टीवर चिकटपट्टी लावलेली होती, आणि ती चिकटपट्टीही मधोमध ताणून फाटली होती.

"आई, हे काय आहे?"

आई चोरी पकडल्यासारखी झाली. "परवा पुसताना फुटली गं माझ्याकडून. जोर लागला असेल. म्हणून चिकटवून टाकली. त्याला नको हं सांगूस, उगाच चिडेल."

जोर! बरणीचं झाकण उघडायला जी मला हाक मारते, तिच्या बोटांत कसला आलाय जोर? काच भिंतीने तोडली होती, आणि आई दोन दिवस स्वतःला दोष देत गप्प बसली होती.

मी नवऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दादाला विचारायची वाट पाहिली नाही. आम्ही दोघांनी आईला पलंगावरून खुर्चीत घातलं आणि खुर्चीसकट उचललं. ती हातपाय झाडत होती. "अरे, शेवट तरी ऐकू द्या! वेड लागलंय का तुम्हाला?" स्वयंपाकघरातून, टांगलेल्या कोटांखालून, शटरखाली वाकून आम्ही तिला रस्त्यापलीकडे शिंपीणबाईंच्या दुकानात नेऊन ठेवलं. शिंपीणबाई शिलाई मशीन थांबवून काय झालं म्हणून विचारत होत्या, तेवढ्यात आमच्या घरामागून आवाज आला. फार मोठा नव्हता. ओलं पोतं जमिनीवर आपटावं तसा होता.

मी धावत जाऊन पाहिलं. आईची खोली राहिली नव्हती. पलंग, टीव्ही, कपाट, सगळं चिखलाखाली गेलं होतं आणि दगडमाती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. दुकानातले लोकांचे कोट मात्र जसेच्या तसे टांगलेले होते. मी परत येऊन आईला काय ते सांगितलं.

थोड्या वेळाने दादाचा फोन आला. त्याचा आवाज आनंदाने फुटत होता.

"पाहिलंत का? पडला! मॉडेल अगदी बरोबर निघालं! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आईने पाहिलं ना?"

"पाहिलं. तिच्या खोलीत बसून पाहिलं."

त्याच्या मागे कपबशांचे आणि लोकांच्या बोलण्याचे आवाज येत होते. कोणीतरी त्याचं अभिनंदन केलं.

"म्हणजे... पण तुम्ही... तुम्ही वेळेवर बाहेर पडलात ना? तुम्हाला कसं कळलं?"

"तूच सांगितलंस की. सगळ्या हॉलला सांगितलंस, त्यात आम्हीही ऐकून घेतलं."

"अगं, भाषण चालू होतं माझं. मध्येच फोन कसा घेणार?"

"खरंय. पहिला टप्पा चालू होता."

"असं बोलू नकोस." त्याचा आवाज कापत होता. एरवी मला त्याची दया आली असती. त्या दिवशी नाही आली. "आईला दे. आईला फोन दे आधी."

मी फोन आईपुढे धरला. शिंपीणबाईंच्या दुकानात कापडांच्या ढिगाशेजारी ती ताठ बसली होती. ठेवणीतल्या स्वेटरवर चिखल उडाला होता. ती रस्त्यापलीकडे बघत होती, जिथे माझा नवरा घराच्या तोंडाशी उभा राहून कोणाला आत जाऊ देत नव्हता. फोनमधून दादाची हाक स्पष्ट ऐकू येत होती, "आई? आई, तू आहेस ना?"

आईने फोनकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवले.

"त्याला सांग," ती म्हणाली, "आई झोपलीय."

मी तसं सांगितलं. पण ती इतक्या मोठ्याने म्हणाली होती, की त्याला आधीच ऐकू गेलं असणार.