कच्च्या पोरांच्या कांजिण्या

अल्लाबक्ष मास्तरांना मांडवगण फराट्याजवळच्या वाडीत अकरा वर्षं झाली होती. वाडीची पत्रं तेच लिहीत, सोयरिकीच्या वेळी पोरींची वयं तेच ठरवत, आणि त्यांच्या बायकोने, मेहरुनने शाळेमागं लावलेली वांगी साऱ्या आळीला पुरत. इथून हलायचं नाही, एवढंच मास्तरांचं आयुष्याकडे मागणं होतं.

अठ्ठावन्न साली स्कूल बोर्डाला तुलनेचा नाद लागला. शिरूर-दौंडच्या शाळांची निकालाप्रमाणे यादी लावायची आणि तळाच्या मास्तराला हलवायचं, असं ठरलं. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब स्वतः येऊन हजर पोरांना गणितं घालणार होते. मागच्या वर्षी वाडीची पोरं सातच्या पाढ्यालाच ढेपाळली होती.

मास्तर तपासणीच्या आदल्या दिवशी कच्च्या पोरांच्या घरी दारोदार फिरले.

"उद्या नकुशीला शाळेत धाडू नका."

नकुशीची आई धुरपदा भाकरी थापता थापता थांबली. "वरीसभर 'पोरीला धाडा, पोरीला धाडा' म्हून उंबऱ्यात बसत व्हता. आन् आता?"

"तिला कांजिण्या झाल्यात."

"आवं मास्तर, ती बगा चिंचंवर चढलीया!"

"उद्या होतील."

दुसऱ्या दिवशी अडतीसपैकी नऊ पोरं हजर होती. उरलेल्या एकोणतीस जणांच्या कांजिण्या शेजारच्या रानात गोफणी फिरवत ज्वारीवरची पाखरं हाकत होत्या. त्यांचा आरडाओरडा वर्गात स्वच्छ ऐकू येत होता. पण साहेबांनाही पुण्याला चांगले आकडे दाखवायचे होते. त्यांनी खिडकी लावून घ्यायला सांगितली. नऊच्या नऊ पास. निकाल शेकडा शंभर, यादीत पहिला नंबर. मेहरुनने शेवया केल्या.

महिन्याभरात हुकूम आला. दौंडकडच्या तळाच्या शाळेतली जागा रिकामी झाली आहे; पहिल्या नंबरच्या मास्तरांनी तिथं जाऊन ती शाळा सुधारावी.

मास्तर तडक शिरूरला गेले. "साहेब, माझ्या हाताला तेवढं यश नाही हो. तो निकाल..."

"काय झालं निकालाला?" साहेबांनी चष्मा काढला. "मुलांना कांजिण्या नव्हत्या, असं म्हणायचंय?"

नव्हत्या म्हटलं तर नोकरी जाते, होत्या म्हटलं तर वाडी. मास्तरांनी अकरा वर्षं पोरांकडून 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य गिरवून घेतलं होतं. स्वतः गिरवायची वेळ कधी आली नव्हती.

"होत्या, साहेब. अंगभर होत्या."

"मग करा हुकमावर सही."

मास्तरांनी सही केली. अक्षर सुरेख आलं.