वास बोल, मग पी

चार माणसं दर शनिवारी एका गच्चीवर बसायला लागली की किस्से आपोआप साठतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. त्यातला एक गेला की मग सगळे एकदम अंगावर येतात. माझा मोठा भाऊ, निलेशदादा, गेला. आता डोंबिवलीत मी कुठेही उभा राहिलो तरी कोणीतरी येऊन मला त्याचा किस्सा ऐकवतो. म्हटलं, त्यापेक्षा आपणच सांगू.

दादा एसी रिपेअर करायचा. एकदा कुलकर्णी सरांकडे सर्व्हिसिंगला गेलेला. सर रिटायर्ड, घरात एकटे. मुलाने परदेशातून महागाची सिंगल माल्ट व्हिस्की पाठवलेली आणि सर ती बेसिनमध्ये ओतायच्या बेतात!

"अहो, खराब झाली आहे ही. जखमेवरच्या औषधासारखा वास येतो."

दादाने बाटली हातातून ओढलीच. नाक लावलं. "सर, खराब कसली? आमची आजी शेणीच्या चुलीवर बोंबील भाजायची, त्यो वास हाय ह्यो!"

तिथून आमच्या गच्चीवर शनिवारची बैठक सुरू झाली. सर, दादा, त्याचा दोस्त पक्या आणि मी. नियम एकच, दादाने केलेला. ग्लास हातात आला की आधी वास बोलायचा, मग प्यायचं. आणि दुसऱ्याने बोललेला वास परत बोलायचा नाही!

*

सरांनी नंतर पुस्तकं वाचली. ही व्हिस्की बनते तिकडे दलदलीतली माती वाळवून जाळतात, त्या धुरावर धान्य सुकवतात, म्हणून हा धुराचा वास, वगैरे. एका शनिवारी त्यांनी घोट घेतला आणि डोळेच मिटले. "आज समुद्र आहे यात. खारा वारा. होड्या!"

आम्ही पण मान डोलावली. येत होता ना खरंच!

पक्या हळूच म्हणाला, "सर, घरचा बर्फ संपलेला. मी मच्छीवालीकडून आणला."

*

मी आठवीतून शाळा सोडलेली. मला सुरुवातीला काहीच बोलता यायचं नाही. मी म्हणायचो, "दारूचा वास येतो."

दादाने टपली मारली. "डोळे मिट. आता सांग, कुठे उभा हायेस?"

"भंगारवाल्याकडे. टायर जळतोय."

सरांनी आपला ग्लास परत नाकाला लावला. बराच वेळ लावला. मग खाली ठेवला. "झालं! आता मलाही टायरच येतोय. संध्याकाळ घालवलीस माझी!"

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या नाक्याला सांगत फिरत होता, "आमच्या बारक्याचं नाक बघा!"

*

मग दादाने स्वतःच्या कमाईची पहिली बाटली आणली. धुराचीच, पण शेरीच्या पिंपात मुरवलेली. शेरी म्हणजे एक परदेशी गोड वाईन, तिचं रिकामं झालेलं पिंप. दादा समजावून सांगायचा, "चूल आपली शेणीची, पण वर शिरा चढवलाय मनुका घालून!" दिवाळीला फोडायची ठरलं.

दिवाळीच्या आधीच शीळफाट्याला त्याला ट्रेलरने उडवलं.

घरी भेटायला आलेली एक मावशी म्हणाली, "प्यायचा ना तो?" मी उठलोच. "सकाळी नऊला डबा घेऊन कामावर निघालेला, मावशी!" पक्याने मला धरून बाहेर नेलं. जिन्यात म्हणतो, "मारू नको. पुढच्या शनिवारी तिला गच्चीवर बोलवू. वासानेच मरेल."

मी रडता रडता हसलो. लाज वाटली.

*

दहाव्याला खडवलीला नदीवर गेलो. पिंड ठेवला. कावळा येईना. काका म्हणाले, आईला सांभाळू. नाही आला. मी म्हणालो, गाडी हळू चालवीन. नाही आला. भटजी घड्याळ बघायला लागले.

पक्या मागून म्हणाला, "आज बुधवार आहे. तो शनिवारशिवाय बसतो का कधी?"

कुलकर्णी सर तोंडावर रुमाल धरून हसले. मग तो रुमाल त्यांनी खाली घेतलाच नाही.

*

बाटली राहिली. पक्या म्हणाला, फोडू, त्याच्या नावाने. मी म्हणालो, हात लावलात तर बघा. उघडली की संपणार. दादाचं एवढंच उरलंय.

शेवटी आईच ती घेऊन गच्चीवर आली. "फोड. त्यानं प्यायला आणलेली, पुजायला नाय."

मी बूच काढलं. सगळ्यांना ओतलं. नियमाप्रमाणे वास बोलायचा.

सर म्हणाले, "मनुका." पक्या म्हणाला, "संत्र्याची साल." मी म्हणालो, "गूळ." फेरी परत सरांकडे गेली. "जुनं लाकडी कपाट," सर म्हणाले. पक्या म्हणाला, "खजूर." मी ग्लास नुसता फिरवत बसलो. सगळ्यांच्या नाकात एकच वास होता. तो कोणी बोलेना.

आईने माझा ग्लास घेतला. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. दादाला नेलं तेव्हा ती दारातच राहिलेली. तिने ग्लास नाकाशी धरला.

"धूर हाय," ती म्हणाली. "बोलत का नाय कुनी?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"तू त्याला पोचवून आलास, त्या शर्टाला ह्योच वास हाय. मी नाय धुतला त्यो."

तिने ग्लास मला परत दिला. "आदी बूच लाव रं बाटलीला. वास जाईल."