तानूबाईंचे काळे दात आणि माझी अर्धी चिठ्ठी

“डाक्टर, हिचं दात बघा आन् एका शब्दात सांगा. ही मिश्री लावती का न्हाई?”

बिरा आपल्या आईला, तानूबाईंना, दंडाला धरून माझ्या दवाखान्यात घेऊन आला होता. तानूबाई खुर्चीत बसल्या. बिरानं खिशातली तंबाखू-सुपारीच्या माव्याची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. फोडलेली नव्हती.

“ही कशाला?” मी विचारलं.

“निकालाला.”

भानगड अशी होती. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या पायरीला हात लावून मायलेकांनी शपथ घेतली होती. आईनं मिश्री सोडायची, लेकानं मावा. एकानं मोडली की दुसरा मोकळा. तीन महिने दोघांनी पाळली. आणि आता तानूबाईंचे दात मिश्री लावतानाही नव्हते इतके काळपट झाले होते. बिराच्या चेहऱ्यावर मातृदुःख फारसं नव्हतं. सुटका जवळ आल्याचं समाधान होतं.

“म्या बोटसुदिक लावलं न्हाई,” तानूबाई म्हणाल्या. “पर माझं कोण ऐकतंय? सून डबं हुंगत फिरती घरात.”

बिराचं तोंड मी आधी तपासलेलं होतं. माव्यानं गालाची आतली कातडी पांढरट आणि ताठ झाली होती. तोंडात जेमतेम दोन बोटं जात. निरोगी माणसाच्या तोंडात तीन जातात. त्यानं पुन्हा मावा धरला असता तर पुढं काय, ते मला माहीत होतं. म्हणजे माझ्यासमोर नुसते डाग नव्हते.

मी आरसा घेऊन बघितलं. हिरड्या सुरेख. दातांच्या फटीत तपकिरी थर. जीभही तपकिरी.

“तोंडाला काय लावता?”

“तुमीच दिल्यालं औषध. बाटली सपली की दुसरी आणती. आवं, डाक्टरचं औषध मधीच कसं सोडायचं?”

त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढली. तीन महिन्यांपूर्वी मी त्यांच्या हिरड्या साफ केल्या तेव्हाची. माझंच अक्षर. औषधाचं नाव, ‘दिवसातून दोनदा’ आणि खाली झोकदार सही. किती दिवस, ते लिहिलेलंच नव्हतं.

आता थोडं शास्त्र. दुकानात माउथवॉशच्या निळ्या-हिरव्या बाटल्या मिळतात, त्यातल्या बऱ्याचशा तोंडाला वास आणतात आणि माणसाला आत्मविश्वास. त्यानं कुणाचं फार बिघडत नाही, सुधारतही नाही. काहींत फ्लोराइड असतं, ते कीड लवकर लागणाऱ्यांना उपयोगी. काहींत अल्कोहोल असतं, ते तोंड कोरडं पडणाऱ्यानं टाळावं. आणि एक असतं क्लोरहेक्सिडिन. हिरड्या साफ केल्यावर आम्ही ते देतो. जंतूंना उत्तम मारतं. पण दोन आठवड्यांसाठी. जास्त दिवस वापरलं, वर चहा घेतला, की दात आणि जीभ रंगवून टाकतं. हे पेशंटला सांगायचं असतं, असं मला कॉलेजात शिकवलं होतं. मी चांगल्या मार्कांनी पासही झालो होतो.

“चहा किती वेळा?”

“पाच-सा येळा. औषध लय कडू. वर चहा लागतोच की.”

गप्प बसायची सोय होती. पाण्यात क्षार जास्त आहेत, एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं. आमच्या भागात पाण्यावर काहीही खपतं. पण बिराचा हात टेबलाकडे सरकत होता.

“बिरा, आईची चूक नाही. माझी आहे. औषध पंधरा दिवसांचं होतं. मी लिहिलं नाही.”

“तुमी तिची बाजू घेताय.”

“घरात आमटी खारट होते का हल्ली?”

तो थबकला. “तुमाला कसं ठावं? ही मिठाचा पुडा वततीया. आमी पाण्याबरुबर गिळतोय.”

“या औषधानं मिठाची चव कळेनाशी होते. मिश्रीनं असं होत नाही.”

तानूबाई लेकाकडे वळल्या. “आन् म्हातारीची अक्कल गेली म्हणत व्हतास.”

बिरा तरी नरमेना. मग मी दात घासून पांढरे केले, बाटली काढून घेतली आणि सांगितलं, “पंधरा दिवस थांब. काळे झाले तर तू मोकळा.”

“आन् न्हाई झालं तर?”

“तर तुझी शपथ चालू.”

“लय चुकीच्या डाक्टरकडं आलो गड्या,” तो पुटपुटला आणि पुडी माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकून गेला.

घरी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, “वीस वर्षं प्रॅक्टिस झाली ना?” एवढंच.

पंधरा दिवसांनी दोघं आले. दात पांढरेच होते. आमटीही सुधारली होती. तानूबाईंनी विचारलं, “आता कुठलं औषध?”

“कुठलंच नाही. दोन वेळा ब्रश करा.”

त्या जरा नाराज झाल्या. फुकटच्या सल्ल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. बिरा मात्र खुर्चीत बसला आणि त्यानं न सांगता तोंड उघडलं. अजून दोनच बोटं जात होती. तोंड उघडायचा व्यायाम शिकवला, पुढची तारीख दिली. तो दर महिन्याला येतो, चिडलेला येतो, पण मावा न खाता येतो.

माउथवॉश कुठलं घ्यावं, असं लोक मला अजून विचारतात. मी सांगतो, आधी ते कधी बंद करायचं ते विचारा. दुकानदार ते सांगणार नाही. आणि डॉक्टर सही झोकदार काढण्यात गुंतलेला असतो.