खंडेनवमीचा नारळ आणि लाल ओळ

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मंडळी. मी काय करून बसलो ते सांगताना मलाच मधे थांबावं लागतंय!

आमची सूनबाई वैशाली शाहूपुरीतल्या घरातूनच एका कंपनीच्या संगणकांची राखण करते. कुठं कुणी घुसायला बघितलं, की तिच्या पडद्यावर लाल ओळ उमटते. नोकरी नवी. चोर निसटला, तर कायम करणार नाहीत. मी बिनशाळेचा, जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेला. पण तो पडदा बघत बसायला मला भारी गंमत वाटते.

तर खंडेनवमीला मी तिचा आतल्या खोलीतला कंपनीचाच दुसरा लॅपटॉप उघडला. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, नारळ ठेवला. लेथची पूजा अशीच करायचो की!

थोड्या वेळानं बाहेरच्या खोलीत वैशाली ओरडली, "आबा! कुणीतरी सारखा चुकीचा पासवर्ड मारतंय!"

"कोण हाय गं त्यो?"

"तेच हुडकायलोय की!"

तिनं पडद्यावरच्या ओळींची यादी गाळायला घेतली. आधी फक्त आजच्या ओळी, मग त्यातल्या लाल, मग त्यातल्या अजून न मिटलेल्या. मी मान लांब करून बघतोय. लेथ कुरकुरायला लागलं की आम्हीपण असंच करायचो. आधी पट्टा बघ, मग गिअर, मग बेअरिंग!

"आता मशीन कुठलं त्ये बघ," मी म्हणालो.

तिनं बघितलं आणि तोंडच उतरलं. "आबा, आपल्याच घरातलं हाय."

घरात चोर? मी काठी घेऊन दार अडवलं. एवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला. तो कानाला लावूनच ती आतल्या खोलीत गेली.

"आबा, या आत. सापडला."

"धरून ठेव! आलोच!"

काठी उगारून आत गेलो. आणि बघतो तर काय? पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट, आणि आमचा नारळ एन्टरच्या बटनावर ऐसपैस बसलेला! बिचारा मघापासून आत घुसायला बघत होता.

फोनवर साहेब विचारत होते, "मॅडम, धोका टळला का?"

वैशालीनं नारळ उचलला, माझ्याकडं बघितलं.

"नारळ काढलाय, सर. धोका अजून काठी घेऊन समोर उभा आहे."