पांघरुणातला आवाज

ठक ठक ठक. “पाणी आलं! आवाज द्या!”

अंबरनाथच्या आमच्या चाळीत एक दिवसाआड पहाटे पाचला पाणी यायचं, आणि त्या दिवशी चौदाच्या चौदा दारांवर हा प्रकार व्हायचा. काका नुसतं दार वाजवून पुढे जात नसत. आतून कुणीतरी ओ देईपर्यंत हातात व्हॉल्वचा पाना घेऊन दारात उभे! केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, शेवटच्या खोलीत एकटेच राहायचे. चाळीचा मेन व्हॉल्व तेच सोडायचे. तुमच्याकडेही असा एखादा असेलच, ज्याला कुणी काम सांगितलेलं नसतं आणि ज्याच्यावाचून कुणाचं चालत नसतं.

मी पांघरुणातूनच “उठलेऽ” म्हणायची आणि कूस बदलायची. बाहेरून लगेच, “हा पांघरुणातला आवाज आहे. उभ्या माणसाचा द्या!” उठावंच लागायचं मेलं. उल्हासनगरला कापडाच्या दुकानात कामाला असणारे एक सिंधी अंकल नवीन राहायला आले होते. पहिल्याच पहाटे ते वैतागून ओरडले, “अरे बाबा, उठ गया मैं!” काका शांतपणे म्हणाले, “आप उठे. भाभीजी?” आतून भाभीजींचं “हांऽ” आलं तेव्हा कुठे काका हलले.

आम्ही सगळे त्यांना हसायचो. मला वाटायचं, रिटायर झालेल्या माणसाला हुकूम सोडायला कुणीतरी लागतंच.

मी नववीत असताना बाईंनी वर्गात वादविवाद ठेवला. माणसं समाज करून का राहतात, प्रेमापोटी की स्वार्थापोटी? चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या वाट्याला स्वार्थ आला. समोरच्या बाजूला होती वर्गात कायम पहिली येणारी. ऐकायला पालकही येणार होते. मला काहीही करून तिला हरवायचं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. शिकार, शेती, संरक्षण हे पुस्तकातले मुद्दे तर सगळ्यांकडेच होते. म्हणून मी वही घेऊन काकांकडे गेले.

“काका, माणसं एकत्र का राहतात हो?”

“एकट्याला पाण्याचं पिंप उचलवत नाही म्हणून,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. चहा टाकला.

“आणि तुम्ही सारखं आवाज द्या, आवाज द्या का करता?”

काकांनी गॅस बारीक केला. मग सांगितलं. काकू आजारपणात गेल्या एवढंच मला ठाऊक होतं. तसं नव्हतं. मी तेव्हा पाळण्यात होते. काका रात्रपाळीला गेलेले. पहाटे पाणी भरता भरता काकू मोरीत पडल्या. नळ चालूच राहिला, पाणी दाराखालून गॅलरीत आलं. पाणी फुकट जातंय म्हणून लोक चिडले. एकजण आला, दाराबाहेर त्यांच्या नळाची चावी होती ती त्याने बंद केली आणि परत जाऊन आपलं पाणी भरू लागला. दार कुणीच वाजवलं नाही. काका आठला घरी आले. तासभर आधी आणायला हवं होतं, असं दवाखान्यात म्हणाले.

“चावी बंद कुणी केली?”

“नाव घेऊन काय करायचं? कुणाच्या मनात वाईट नव्हतं. आणि हे वहीत नको हं लिहू, बाळा. मला इथंच राहायचंय.”

मी मान डोलावली. घरी आले आणि सगळं लिहून काढलं.

वादविवादाला काका आले होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. चाळीतली आणखी चार माणसं होती, आणि काका माझ्या बाबांच्या शेजारीच बसले होते. मी कुणाचं नाव घेणार नव्हते, ‘एका चाळीत’ एवढंच म्हणणार होते. मनाला तेवढी पळवाट पुरली. “त्या शेजाऱ्याला बाईचा जीव नाही, पाणी वाचवायचं होतं!” मी टेबलावर हात आपटून म्हणाले. काय टाळ्या पडल्या! मी ऐटीत काकांकडे पाहिलं. ते बाबांकडे पाहत होते आणि बाबा जमिनीकडे.

तेव्हा मला कळलं, चावी कुणी बंद केली होती.

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, “मला वाटलं, नळ चालू ठेवून कुठे शेजारी गेल्या असतील.” त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला बक्षीस म्हणून पेन मिळालं होतं, ते दप्तरातून काढायची हिंमत झाली नाही.

रविवारी चाळीची मीटिंग बसली. समोरच्या मावशींचा आवाज सगळ्यांत मोठा. “इतकी वर्षं सणासुदीला ताट पाठवतोय तुम्हाला, आणि तुम्ही हे मनात धरून बसलात? पोरीच्या तोंडून आम्हाला खुनी ठरवलंत?” बाबा खाली मान घालून बसलेले. शेवटी कुणीतरी सरळच विचारलं, “तिला हे तुम्हीच बोलायला लावलंत ना?”

मी उंबऱ्यात उभी होते. ‘नाही, ते नको म्हणाले होते,’ एवढंच म्हणायचं होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. थोडं थांबले, पहाटे दारात थांबायचे तसेच. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बापाची लाज जाईल ही भीती होती, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खोटं आहे ते. मला माझी भीती होती.

“हो, मीच,” काका म्हणाले. “पोरीचा काही दोष नाही.” व्हॉल्वचा पाना कठड्यावर ठेवला आणि खोलीत गेले.

त्यानंतर व्हॉल्व पाळीपाळीने सोडायचं ठरलं. दार कुणी वाजवेना. घरोघरी मोबाइल आले होते, लोकांनी अलार्म लावले. दोन महिन्यांनी काका चामटोलीला पुतण्याकडे राहायला निघाले. त्या सकाळी मी त्यांचं दार वाजवलं.

“काका, आवाज द्या.”

“आहे, बाळा,” आतून आलं. “जा तू, शाळा बुडेल.”

दार उघडलं नाही.

चामटोली काही लांब नाही हो. बदलापूरला उतरायचं आणि रिक्षा करायची. मी गेले नाही. आधी दहावी, मग कॉलेज, आणि मग नुसतीच लाज. कारणांना काय तोटा?

चार वर्षांनी एका दुपारी तो पुतण्या आमच्या दारात उभा राहिला. काका गेले होते. बाबा भिंतीला टेकून खालीच बसले. आईने पाणी दिलं.

“झोपेतच गेले. काही त्रास नाही, चांगलं मरण आलं,” तो म्हणाला.

“तुम्हाला कळलं किती वाजता?” मी विचारलं.

“नऊ वाजले असतील. आम्हाला वाटलं, झोपलेत. उगाच कशाला दार वाजवायचं?”