सर वर्गात आले की

वीस वर्षं फौजेत काढून, चाळिशी उलटल्यावर मी नाशिकच्या एका नामांकित कॉलेजात शिकायला लागलो. पहिल्याच तासाला सर आत आले आणि मी ताडकन सावधानमध्ये उभा राहिलो. बाकी सगळे बसूनच होते. सर माझ्याहून कितीतरी लहान, तेही गोंधळले. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

दुसऱ्या दिवशी अजिबात उठायचं नाही असं ठरवून गेलो, पण पाय ऐकतील तर शपथ! पुन्हा उठलो. स्वतःचाच असा संताप आला! तेवढ्यात शेजारच्या बाकावरची मुलगीही उभी राहिली. सुरगाण्याचं कॉलेज सोडून ती नुकतीच आमच्या वर्गात आली होती आणि कुणाशी फारशी बोलत नसे.

मग रोज सर आले की आम्ही दोघंही उठायचो. हसणारे आठवडाभरात कंटाळले.

परीक्षा संपल्यावर मी तिला कॅन्टीनमध्ये चहा पाजला आणि विचारलं, "तुमच्या सुरगाण्याच्या कॉलेजात सगळे असेच उठतात का गं?"

"नाय काका," ती म्हणाली. "तिकडं कोणीच उठत नाय. तुम्ही एकटेच उभे होते ना."